डावीकडचा उंट

खालचा काही बडबड्या नव्हता. चारचौघांत तो कोपरा धरून बसायचा आणि कुणी काही विचारलं तर "हं" म्हणून मोकळा व्हायचा. पण जे काही करायचं ते आधी तोंडाने सांगायचं आणि मगच करायचं, अशी त्याला खोड होती. "पाणी घेतो," म्हणायचा आणि मग पेला उचलायचा. "दार लावतो." "दिवा घालवतो." "उठतो आता." बायको वैतागायची. "अहो, घरात मी एकटी आहे आणि मला दिसतंय सगळं. या बातम्या कुणाला देताय?" त्यावर तो हसायचा. "हसतो" असं मात्र आधी सांगायचा नाही, हेच नशीब.

त्याचं काम इशारे देण्याचं. लोखंडी पाइपांचं मोठं यार्ड होतं. यार्डावर रुळांवरून सरकणारी क्रेन, क्रेनच्या पोटाशी काचेची केबिन, आणि केबिनपर्यंत बत्तीस पायऱ्यांची उभी शिडी. केबिनमध्ये बसून क्रेन चालवणारे एक वयस्कर गृहस्थ, ते 'वरचे' आणि जमिनीवर उभा राहून त्यांना इशारे करणारा तो 'खालचा'. ही नावं कुणी पाडली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं, पण ती इतकी मुरली होती की हजेरीच्या कागदावर खालच्याला आपलं खरं नाव क्षणभर आठवावं लागे. 'वरच्यांच्या मनात असेल तसं' हा यार्डातला रोजचा विनोद. नवा माणूस भाबडेपणाने आभाळाकडे बघायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

बोलण्याची खोड त्याला जन्मापासून नव्हती. ती एका दिवसात लागली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पाइपांची मोळी साखळीत अडकवली जात असताना त्याने 'थांबा'च्या जागी 'उचला'चा इशारा केला. का केला ते त्याचं त्यालाही कधी कळलं नाही. हात जणू दुसऱ्याच कुणाचा होता. साखळी बांधणाऱ्याची बोटं तेव्हा कड्यांच्या आत होती. क्रेन जागची हलली नाही. वरचे नुसते काचेतून खाली बघत राहिले. माणसाने बोटं काढून घेतली, कुणाला काही कळलंही नाही. संध्याकाळी शिडी उतरल्यावर वरचे त्याच्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "दुपारी तुझा हात काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, ना त्याच्यापाशी, ना आणखी कुणापाशी.

तेव्हापासून खालच्याला स्वतःच्या हातांची भीती बसली. वॉकीटॉकी सगळ्यांकडेच होती, पण ती तोंडाला लावून सतत बोलणारा तोच एक. "उचला. हळू. अजून. डावीकडे घ्या, डावीकडे. थांबा." हात इशारा करायचे आणि तोंड त्यांच्यावर पहारा ठेवायचं. पुढे ते तोंड घरीही पहारा देऊ लागलं.

बुद्धिबळ वरच्यांनीच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये, उलट्या खोक्यावर पट मांडून. एका घोड्याचा कान तुटलेला, पांढऱ्या वजिराच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच. वरचे म्हणजे या खेळात पोहोचलेले. तरुणपणी मोठमोठ्या स्पर्धा खेळलेले, एकदा पाहिलेला डाव महिन्याने जसाच्या तसा मांडून दाखवणारे. आणि खालचा म्हणजे नुसता हौशी. म्हणून डाव सुरू होण्यापूर्वी वरचे आपला उजवीकडचा हत्ती उचलून खालच्याच्या डब्याच्या झाकणात ठेवत. "हा तुझ्याकडे तारण," म्हणत. एक हत्ती कमी घेऊन खेळायचे आणि तरी जिंकायचे. अकरा वर्षं जिंकत होते. खालचा इथेही बोलून खेळायचा. "घोडा घेतो. इथे ठेवतो." बघे म्हणायचे, "अरे, निदान शत्रूला तरी सांगू नकोस!" नियम एकच, आणि तो वरच्यांचा: मोहऱ्याला हात लावला की तोच चालायचा. गयावया चालणार नाही.

ज्या दिवशी खालचा जिंकला, त्या दिवशी त्याचा घसा बसला होता. आदल्या दिवशी वारा होता, ओरडून ओरडून आवाज गेला होता. सकाळपासून क्रेनला तेलपाणी चाललं होतं, माल हलणार नव्हता, म्हणून आवाज नसल्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुपारी तो खेळायला बसला तो मुकाट. बोलता येत नव्हतं म्हणून की काय, पण त्या दिवशी त्याला पट जास्त दिसत होता. वरच्यांच्या राजासमोरचं प्यादं एक घर पुढे गेलेलं, त्यामागे एक भोक पडलेलं. खालच्याने काळ्या घरातला आपला उंट उचलला आणि पटाच्या पार उजव्या कडेला नेऊन ठेवला. त्याची उजवी कड, म्हणजे समोर बसलेल्या वरच्यांची डावी.

आता हे मला खुळं समजतील, असं त्याला वाटलं. वरचे उंट हाकलतील, चुकचुकतील. पण वरच्यांनी शांतपणे दुसऱ्या टोकाला एक प्यादं खाल्लं. त्याने वजीर पुढे केला. वरचे पुन्हा उजवीकडेच चालले. मग खालच्याने बुचाचा वजीर त्या भोकात नेऊन टेकवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मात."

शेडमध्ये जो गिल्ला झाला तो विचारू नका. कुणी ताट वाजवलं, कुणी त्याला उचललं. खालच्याचा जावई त्याच यार्डात साखळी बांधायच्या कामाला होता. तो धावत आला आणि म्हणाला, "मामा, आज घरी जाऊन मीच सांगणार." खालच्याचे डोळे भरून आले होते. त्या गडबडीत त्याचं लक्ष वरच्यांकडे गेलं. वरच्यांनी मान वळवली होती. नुसते डोळे नाही, पक्षी वळवतो तशी सगळी मान डावीकडे वळवून ते पटाच्या कडेकडे बघत होते.

"हा उंट कधी आला?" त्यांनी विचारलं.

"तीन चालींपूर्वी."

"बोलला नाहीस."

"घसा बसलाय ना."

"हो," वरचे म्हणाले. "घसा बसलाय." आणि त्यांनी मोहरे डब्यात भरायला घेतले.

बस स्टॉपवर उभा असताना खालच्याला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. उंट कधी आला? त्यांच्या नाकासमोर तर ठेवला होता. ज्यांना महिन्यापूर्वीचा डाव पाठ, त्यांना तीन चालींपूर्वीचा उंट माहीत नाही? मग एकेक गोष्ट आठवू लागली. सहा महिन्यांपूर्वी वरचे म्हणाले होते, "तू हल्ली माझ्या उजव्या बाजूला उभा राहत जा. डावीकडून उन्हाची तिरीप येते." पावसाळी हवेतही तिरीप येत होती. मग त्यांनी क्रेन सरकवण्यापूर्वी दर वेळी भोंगा द्यायला सुरुवात केली. सुपरवायझरने त्याबद्दल सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं होतं, सुरक्षिततेचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता. आणि खालचा स्वतः दिवसभर त्यांच्या कानात बोलत होता. डावीकडे कोण आहे, काय आहे, किती हात लांब आहे, सगळं. आपण इतके दिवस इशारे देत नव्हतो, आपण त्यांचे डोळे झालो होतो, हे त्याला कळलं.

जावई डाव्या रांगेत काम करायचा.

घरी गेल्यावर तो न बोलता पाणी प्यायला. न बोलता दार लावलं. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," ती म्हणाली, "मग हे काय? मला भीती वाटते हो असं." त्यालाही तेच म्हणायचं होतं.

आवाज दोन दिवसांत परत आला आणि काम सुरू झालं. पण आता दर उचलीला त्याचा जीव खरोखरीच टांगणीला लागलेला असायचा. डोक्यावरून दोन टनांची मोळी जायची आणि त्याला वाटायचं, ही माझ्या शब्दांना लटकली आहे. खोकला आला तर? वॉकीटॉकीची बॅटरी उतरली तर? एकदा शिंक आली, आणि ती संपायच्या आतच तो "थांबा, थांबा" ओरडला. डाव्या रांगेतून जावई हात हलवायचा. खालचा इतक्या जोरात "डावीकडे माणसं आहेत, माणसं आहेत" म्हणायचा की माणसं दचकायची.

सांगावं कुणाला? दोनदा तो सुपरवायझरच्या दारापर्यंत गेला. "काय रे?" सुपरवायझरने विचारलं, आणि याच्या तोंडून निघालं, "बॅटरी हवी होती." दुसऱ्यांदाही तेच. घरी आता चार जादा बॅटऱ्या झाल्या होत्या. ज्या माणसाने आपली एवढी मोठी चूक पोटात ठेवली, त्याची आपण चव्हाट्यावर मांडायची? आणि उद्या सगळा आपलाच भ्रम निघाला तर? तीन चाली कुणाचं लक्ष नसूही शकतं. खात्री करायला हवी होती. खात्री करायचा एकच मार्ग त्याला सुचला आणि तो त्याला शोभणारा नव्हता.

पुढच्या आठवड्यात शेडमध्ये दोघेच होते. डाव अर्ध्यावर आला होता. वरच्यांच्या डाव्या कडेला त्यांचं एक प्यादं उभं होतं, सुरुवातीपासून जागच्या जागी. वरचे डबा उघडायला खाली वाकले. खालच्याने आयुष्यात कधी कुणाचं काही चोरलं नव्हतं. त्याने ते प्यादं उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. त्याच्या हृदयाचे ठोके त्या प्याद्यावर आपटत होते. वरचे वर आले, पटाकडे बघितलं, घोडा चालले.

देवा, आता ओरडू देत, खालचा मनात म्हणत होता. शिव्या देऊ देत. चोर म्हणू देत. त्याने एक चाल केली, बोलून केली. वरचे चालले. त्याने आणखी एक केली. मग वरच्यांनी थोडा विचार केला, हात उचलला आणि डाव्या कडेला नेला. प्यादं उचलायला बोटं मिटली. तिथे प्यादं नव्हतं. बोटं पुन्हा उघडली, रिकाम्या घरावर फिरली, शेजारच्या घरात गेली, परत आली. नजर मात्र समोरच होती. अंधारात काड्यापेटी शोधणाऱ्या माणसासारखा तो हात चाचपडत होता, आणि बाहेर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

खालच्याला वाटलं आपण आता रडणार.

वरच्यांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून रिकामं घर नीट पाहिलं, मग खालच्याकडे पाहिलं. "ठेव ते परत," ते हळू आवाजात म्हणाले.

खालच्याने प्यादं ठेवलं. ते दोनदा पडलं, मग उभं राहिलं.

"काचबिंदू," वरचे म्हणाले. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजवाही कडेकडेने चाललाय. समोरचं अजून छान दिसतं. सुईत दोरा ओवतो मी. तपासणीला तक्ता वाचायला लावतात, तो घडाघडा वाचतो. कडेचं कुणी विचारतच नाही."

"वरचे, तिकडे माणसं असतात."

"तुझा आवाज असतो ना."

"आणि माझा आवाज गेला म्हणजे?"

"सात महिने राहिलेत," वरचे म्हणाले. "सातच. वर गेलो की मी कुणीतरी असतो रे. खाली मी कोण? तीस वर्षं मी या जमिनीवर फक्त जेवायला उतरलोय." मग ते थोडं पुढे झुकले. खालच्याने त्यांच्या चेहऱ्यावर भीती कधी पाहिली नव्हती. आता पाहिली, आणि स्वतःच्या भीतीपेक्षा ती जास्त भयंकर वाटली. "तू बोलत राहा. मी सांभाळतो. एवढं कर."

खालच्याच्या मनात आलं, आता हे त्या दिवसाचं काढतील. त्या कड्यांतल्या बोटांचं. मी तेव्हा तुला झाकलं होतं, विसरलास का, असं म्हणतील, आणि मग मला नाही म्हणता येणार नाही. पण वरच्यांनी ते काढलं नाही. तेवढ्यात भोंगा झाला आणि दोघं उठले.

ती दुपार खालचा बोलला. दुसरा दिवसही बोलला. तिसऱ्या दिवशी एक मोळी डाव्या रांगेवरून जाताना कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने मान वळवली, आणि मोळी एक हात जास्त पुढे गेली. फक्त एक हात. जावई सहज खाली वाकला, वरून पाइपांचं टोक गेलं, तो उठला आणि हातमोजे झटकायला लागला. त्याला कळलंही नाही. खालच्याला मात्र वांतीच झाली, तिथेच, रुळाच्या कडेला.

जेवणाच्या सुट्टीत तो पटासमोर बसला. डब्याच्या झाकणात हत्ती पडला होता. त्याने मोहऱ्यांना हात लावला नाही.

"वरचे," तो म्हणाला, "उद्या सकाळी पहिल्या उचलीला मी डावीकडे उभा राहणार. डावी रांग मी रिकामी करणार. आणि मी बोलणार नाही."

वरच्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "सांगून करतोस," ते म्हणाले.

"मला तसंच येतं."

"हात लावलास. आता चालावं लागेल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

सकाळी त्याने डाव्या रांगेतल्या सगळ्यांना पिवळ्या पट्ट्याच्या मागे पाठवलं. जावई म्हणाला, "मामा, झालंय काय तुम्हाला?" "मागे हो," खालचा म्हणाला, तेही असं की जावई पुढे बोललाच नाही. रात्रभर त्याला एकच आशा होती की वरचे आज येणार नाहीत, आजारपण काढतील, शिडीपाशी येऊन परत फिरतील. पण वरचे आले. त्याच्याकडे न बघता शिडीला हात घातला आणि बत्तीस पायऱ्या चढून गेले. भोंगा झाला. उजव्या रांगेतली मोळी उचलली गेली आणि यार्डाच्या मधून डावीकडे सरकू लागली.

खालचा आपल्या जुन्या जागी उभा होता, सहा महिन्यांपूर्वी जिथे असायचा तिथे. त्याने दोन्ही हात डोक्यावर उभे केले. 'थांबा.' हा इशारा कुणीही करावा आणि क्रेनने तो पाळावा, असा जगभराचा नियम. मोळी येत होती. पन्नास पावलं. चाळीस. पाइपांची गोल तोंडं त्याच्याकडे वळलेली होती. वॉकीटॉकी कमरेला, आणि तोंड मिटलेलं. सतरा वर्षं ज्या तोंडाने पहारा दिला ते आतून दारावर धडका मारत होतं. तीस पावलं. पिवळ्या पट्ट्यामागून जावई ओरडत होता, पण त्याचा आवाज क्रेनच्या आवाजात बुडत होता. पळ, असं त्याचं सगळं अंग म्हणत होतं. आपण चुकलो, हे थांबणार नाहीत, आपण यांना उगाच शहाणं समजलो. पंचवीस.

मोळी थांबली. हेलकावे खात त्याच्यापासून वीस पावलांवर टांगून राहिली.

कमरेची वॉकीटॉकी खरखरली. आवाज शांत होता. तो सुपरवायझरच्या टेबलावरच्या वॉकीटॉकीतूनही येत होता आणि यार्डातल्या प्रत्येक माणसाच्या कमरेवरून येत होता.

"थांबवलंय," वरचे म्हणाले. "डावीकडे खालचा उभा आहे. तो मला दिसत नाही. गेले सहा महिने तिकडचं काहीच दिसत नाही. मोळी सरळ खाली घेतोय. कुणीही जवळ जाऊ नका."

मोळी जमिनीला टेकली. क्रेनची मोटर बंद झाली, आणि यार्डात एवढी शांतता खालच्याने कधी ऐकली नव्हती. सुपरवायझर चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आला होता. कुणी हललं नाही. केबिनचं दार उघडलं, वरच्यांचा एक पाय बाहेर आला आणि पहिली पायरी शोधत हवेत फिरू लागला. रोज झरझर उतरणारा माणूस. आज त्यांना पायरी सापडत नव्हती.

खालच्याने वॉकीटॉकी तोंडाला लावली. "डावा पाय थोडा खाली," तो म्हणाला. "अजून. हां, आली पायरी. आता उजवा. एक झाली. एकतीस राहिल्या." तो मोजत राहिला, वरचे उतरत राहिले. मधे एकदा ते थांबले, शिडीला कपाळ टेकून उभे राहिले. खालचा म्हणाला, "मी आहे इथेच. सोळा राहिल्या." मग ते पुन्हा उतरू लागले.

शेवटच्या पायरीवर त्यांनी विचारलं, "जमीन?"

"जमीन," खालचा म्हणाला, आणि त्यांचा हात धरला.

सुपरवायझर आणि बाकीची माणसं त्यांच्याकडे येऊ लागली होती. ती पोहोचायच्या आत वरचे मान वळवून त्याला म्हणाले, "प्यादं चोरलंस, तो डाव मी धरत नाही."

"नका धरू."

"पण उंटाचा धरतो. मला दिसत नाही हे तेव्हा तुला माहीत नव्हतं. तो तू खेळून जिंकलास." त्यांनी त्याचा हात सोडला नाही. "चल. कुठे जायचं ते सांगत चल."

"ऑफिसकडे," खालचा म्हणाला. "चार पावलं सरळ. पुढे रूळ आहे."